बॅज कुठे आहेत?

माझी थोरली ताई एक्स-रे टेक्निशियन आहे. मी शाळेत होतो तेव्हा ती या नोकरीला लागली. संध्याकाळी घरी यायची तेव्हा कधीकधी छातीवर लावलेला प्लॅस्टिकचा एक चपटा बिल्ला काढायचाच विसरलेली असायची. आई म्हणायची, ‘‘शाळेतल्या मॉनिटरसारखं हे काय लावून फिरतेस गं गावभर?’’ मग ताई जीभ चावायची आणि तो बिल्ला पर्समध्ये टाकून सकाळी सगळ्यात आधी जागेवर नेऊन ठेवायची. तो घरी आणायचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी जुलैत आमच्या संपादकांनी पहिल्या अणुचाचण्यांवर एक पानभर मजकूर मागितला. पत्रकारितेच्या पदविकेत आम्हाला शिकवलं होतं, आधी फोटो बघा, मग लिहा. म्हणून मी जुने फोटो जमवत बसलो होतो. त्यातला एक फोटो मनातून जाईना. युद्धनौकेच्या डेकवर खलाशी लांब दांड्याच्या ब्रशांनी फरशी घासताहेत. पाणी, साबण आणि कॉस्टिक सोडा. आपल्याकडे दिवाळीआधी वाड्याचं अंगण धुतात, अगदी तसं. नौकेचं नाव ‘प्रिन्झ ऑयगन’. मूळ जर्मन नौदलाची, युद्धात हरल्यावर अमेरिकेच्या वाट्याला आलेली. नुकताच तिच्यापासून काही अंतरावर पाण्याखाली अणुबॉम्ब फुटला होता.

ताई त्या रविवारी जेवायला आली होती. मी तिला फोटो दाखवला. तिने चष्मा वर सरकवून नीट पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला,

‘‘ह्यांचे बॅज कुठे आहेत रे?’’

मला उत्तर येत नव्हतं. पानभर मजकूर वेळेवर गेला, पण तो प्रश्न राहिला.

आधी बॅजबद्दल थोडं सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहूनही पाहिलेला नसतो. दवाखान्यात एक्स-रे काढायला गेलात तर तिथल्या माणसाच्या छातीपाशी बघा. शिशाचा एप्रन असेल तर बॅज त्याच्या आत असतो. त्यात एका विशिष्ट पदार्थाच्या तीन छोट्या चकत्या असतात. किरण अंगावर आले की त्या चकत्या ते मुकाट्याने साठवतात. तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो. तिथे चकत्या तापवल्या की साठवलेल्या किरणांच्या हिशेबात त्या मंद उजेड देतात आणि तो उजेड मोजला की माणसाने किती किरण अंगावर घेतले ते कळतं. पूर्वी यात फोटोची फिल्म असायची. आपल्याकडे १९७५ पासून या चकत्या आल्या आणि त्या आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झाल्या. बॅज म्हणजे चिलखत नव्हे, ती डायरी आहे. त्याने एकही किरण अडत नाही.

आता त्या डेककडे वळू.

प्रशांत महासागरात मार्शल बेटांमध्ये बिकिनी नावाचं प्रवाळबेट आहे. (हो, त्या पोहण्याच्या कपड्याचं नाव याच बेटावरून आलं. पहिल्या स्फोटानंतर चारच दिवसांनी पॅरिसमध्ये तो कपडा लोकांसमोर आला. बाजाराला कशाचंही सोयरसुतक नसतं.) १९४६ च्या मार्चमध्ये तिथल्या १६७ रहिवाशांना ‘थोड्या काळासाठी’ दुसऱ्या बेटावर हलवलं गेलं. मग प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या त्या शांत समुद्रात अमेरिकन नौदलाने नव्वदहून अधिक नौका नांगरून ठेवल्या. अणुबॉम्बपुढे आरमार टिकतं का, हे त्यांना बघायचं होतं. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन क्रॉसरोड्स’, प्रमुख व्हाइस अॅडमिरल ब्लँडी आणि माणसं सुमारे ४२ हजार.

इतक्या माणसांची किरणांपासून काळजी घ्यायची जबाबदारी एका डॉक्टरवर होती. कर्नल स्टॅफर्ड वॉरन. रॉचेस्टर विद्यापीठात ते क्ष-किरणशास्त्राचे प्राध्यापक होते. युद्धात अणुबॉम्ब बनवणाऱ्या प्रकल्पाचा वैद्यकीय विभाग त्यांनी सांभाळला होता. आदल्या वर्षी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या पहिल्या स्फोटाच्या वेळीही सुरक्षेची बाजू त्यांच्याकडेच होती. क्ष-किरणवाला माणूस, म्हणून ताईला त्यांच्याबद्दल लगेच आपुलकी वाटली. वॉरन यांनी काय उभं केलं? गायगर काउंटर घेऊन पुढे जाणारे निरीक्षक, फिल्मचे बॅज, आणि एक नियम : दिवसाला ०.१ रॉन्टजेनपेक्षा जास्त कुणी घ्यायचं नाही. तेवढं झालं की त्या दिवसापुरतं त्या माणसाने बाहेर यायचं. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. आजचे नियम खूप कडक आहेत, पण सांगाडा तोच आहे. आधी मोजा, मग मर्यादा घाला, मग माणूस बाहेर काढा.

१ जुलैचा पहिला बॉम्ब विमानातून पडला आणि हवेत फुटला. पाच नौका बुडाल्या. किरणोत्सर्गी कचरा बहुतेक सगळा ढगाबरोबर आकाशात उंच निघून गेला. लगेचच खलाशी उरलेल्या नौकांवर चढू लागले. सगळ्यांना वाटलं, वाटत होतं तितकं काही हे भयंकर नाही. मला वाटतं, खरं नुकसान या पहिल्या बॉम्बनेच केलं. त्याने लोकांची भीती घालवली.

दुसरा २५ जुलैचा. हा बॉम्ब २७ मीटर खोल पाण्याखाली टांगला होता. त्याने लक्षावधी टन पाणी वर उचललं आणि ते परत कोसळलं तेव्हा किरणोत्सर्गी तुषारांची एक भिंत नौकांवरून लोळत गेली. या वेळी कचरा आकाशात गेलाच नाही. तो पाण्यात मिसळला आणि त्याच पाण्याने सगळ्या नौका न्हाऊन निघाल्या. डेकवर, दोरखंडांत, गंजात, रंगाच्या भेगांत तो जाऊन बसला. असं काहीतरी होईल, नौका फार दूषित होतील, असा इशारा शास्त्रज्ञांनी आधी दिला होता. पण दूषित नौका साफ कशी करायची, याची कुठलीही योजना कुणी केलेली नव्हती.

मग नौदलाला जे येत होतं ते नौदलाने केलं. घासलं! आधी आगीच्या बंबाने पाणी मारलं, फेस मारला. मग साबण, मग कॉस्टिक सोडा. नारळाच्या करवंट्यांचा चुरा, जव, कॉफीचा चोथा, मक्याच्या कणसांचे दांडे दळून... जे सुचेल ते. खलाशी घासत होते, निरीक्षक काउंटर लावत होते आणि काटा जिथल्या तिथे होता. नौका डोळ्यांना लख्ख दिसायची आणि काटा ती घाणेरडी आहे म्हणून सांगायचा.

इथे वॉरन यांची खरी अडचण सुरू झाली. त्यांचं पद सल्लागाराचं होतं. काटा वाढला तर ‘आता थांबा’ असं त्यांचा निरीक्षक सांगू शकत होता, पण नौका कप्तानाची होती. तिच्यावर कप्तानाने वर्षानुवर्षं काढलेली, ती परत चालू करून दाखवायची ईर्ष्या. न दिसणाऱ्या धोक्याला भिणं म्हणजे मर्दपणाला कमीपणा, अशी कित्येक अधिकाऱ्यांची वृत्ती होती आणि निरीक्षकांनी त्याबद्दल तक्रारीही लिहून ठेवल्या आहेत. त्यात निरीक्षक कमी. आणि बॅज?

ताईच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं ते असं. त्या सगळ्या मोहिमेत एकूण १८,८७५ फिल्म बॅज दिले गेले. ४२ हजार माणसांपैकी एकदा तरी बॅज मिळालेले साधारण पंधरा टक्के. म्हणजे सहा-सात जणांत एक. गट करून पाठवायचं, त्यातल्या एकाला बॅज लावायचा आणि त्याचा आकडा तो सगळ्यांचा आकडा मानायचा.

मी फोनवर हे सांगितलं तेव्हा ताई जरा वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, ‘‘आणि ज्याला लावला त्याचा तरी खरा असेल कशावरून?’’

हा टोमणा नव्हता. तिला काय आठवलं ते मला ठाऊक होतं.

आठ वर्षांपूर्वी ती एका खाजगी हॉस्पिटलात होती. दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या एका टेक्निशियनचा बॅज एप्रनलाच राहिला आणि एप्रन एक्स-रेच्या खोलीतच लटकत राहिला. आठवडाभर त्याने सगळ्या पेशंटांचे किरण खाल्ले. तिमाहीचा आकडा आला तो डोळे फिरवणारा. खुलासा मागणारं पत्र आलं, चौकशी झाली, कारण सापडलं, प्रकरण मिटलं. नियमाने जे व्हायला हवं तेच झालं. पण तिथल्या व्यवस्थापकसाहेबांना त्या पत्राचा ताप झाला. त्यांनी तोंडी सांगितलं की यापुढे बॅज टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवत जा, उगाच हरवायला नकोत. लेखी काहीच नाही. ताई त्या विभागात सगळ्यांत सीनियर. तीही मान हलवून मोकळी झाली. तिला घराचे हप्ते होते, मुलाची दहावी होती. पुढच्या तिन्ही तिमाह्यांना सगळ्यांचा आकडा आला शून्य.

तिच्या हाताखाली एक मुलगी होती, नव्यानेच लग्न झालेली. एक दिवस डबा खाताना ती हळूच म्हणाली, ‘‘ताई, मला तिसरा लागलाय. माझा आकडा किती आलाय हो?’’ ती आयसीयूत फिरत्या मशीनवर काम करायची. रडणाऱ्या लेकरांना एक्स-रेसाठी धरून ठेवायला कुणी नसलं की तिलाच पुढे करायचे. ताईने फाइल काढून तिच्यापुढे धरली. शून्य, शून्य, शून्य. मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. तिने ताईच्या डब्यातलं लोणचं मागून घेतलं.

‘‘त्या दिवशी मी तिला काही बोलले नाही रे,’’ ताईने मला तेव्हाच सांगितलं होतं. ‘‘ती इतकी छान हसली, मला धीरच झाला नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.’’

दुसऱ्या दिवशी तिने मुलीला खरं सांगितलं आणि साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, ‘‘अहो, शून्य आलंय ना? मग चांगलंच आहे की!’’ ताईने तिथेच उभं राहून अर्ज लिहिला. मुलीला नोंदणीच्या खिडकीवर बसवा आणि उद्यापासून बॅज अंगावर असेल, नाहीतर मी मशीनला हात लावणार नाही. अर्जावर सही झाली. मुलीला पुढे वेळेवर गोड मुलगी झाली, ती आता दुसरीत आहे, धडधाकट आहे. कदाचित आकडा खरोखरच नगण्य असेल. आजची मशीनं चांगली असतात आणि काळजी घेतली तर बहुतेक टेक्निशियनांचे आकडे अगदी कमीच येतात. पण ‘कदाचित’ हा शब्द ताईच्या डोक्यातून गेला नाही. ते हॉस्पिटलही तिने वर्षभरात सोडलं.

बिकिनीत वॉरन यांना असा अर्ज लिहिता येईना. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यांची खात्री पटली होती की हे घासणं व्यर्थ आहे आणि धोक्याचंही. मदतीसाठी आलेल्या, स्फोटापासून दूर ठेवलेल्या नौकासुद्धा आता हळूहळू दूषित होत होत्या. त्याच समुद्राचं पाणी त्यांच्या नळांतून फिरत होतं आणि बुडाला चिकटलेलं शेवाळ किरणोत्सर्गी होत होतं. त्यातच भर पडली प्लुटोनियमची. बॉम्बमधलं बरंच प्लुटोनियम न फुटता तसंच विखुरलं होतं. हातातल्या गायगर काउंटरला ते दिसत नव्हतं आणि फिल्मच्या बॅजवरही उमटत नव्हतं. त्याचे किरण कातडीनेही अडतात, पण धूळ श्वासातून आत गेली तर ते शरीरात घर करतं. ‘प्रिन्झ ऑयगन’च्या कप्तानाच्या खोलीत ते सापडलं. डेकपासून आत, जिथे दुसरं काहीच सापडत नव्हतं तिथे. म्हणजे ते कुठेही असू शकत होतं.

तरी आकडे ऐकून अॅडमिरलला पटेल याची वॉरन यांना खात्री नव्हती. मग त्यांनी एक मासा नेला.

त्या समुद्रातला सर्जनफिश नावाचा मासा. त्याने किरणोत्सर्गी शेवाळ खाल्लं होतं. त्याला चिरून, वाळवून अंधारात फोटोच्या काचेवर ठेवलं गेलं. मशीन नाही, दिवा नाही. माशाने आपल्याच अंगातल्या किरणांनी आपला फोटो काढला. पोटातलं शेवाळ लख्ख उजळलेलं आणि भोवती अख्ख्या माशाची फिकट आकृती. वॉरन यांनी तो फोटो ब्लँडींपुढे ठेवला आणि १० ऑगस्टला ब्लँडींनी सगळं घासणं बंद करायचा हुकूम दिला. तिसरा स्फोट व्हायचा होता, तो सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी रद्द केला. ‘प्रिन्झ ऑयगन’ ओढत क्वाजालीन बेटाला नेली. तिला गळती लागली होती, पण दुरुस्तीला आत माणूस पाठवायची सोय नव्हती. डिसेंबरात ती उलटी झाली. तिचा पार्श्वभाग अजून पाण्याबाहेर दिसतो.

सोळा दिवस! स्फोटापासून हुकुमापर्यंत. काटा पहिल्या दिवसापासून बोलत होता.

यानंतर सुरक्षेची व्यवस्था पुष्कळ सुधारली, हे मान्य करायला हवं. उपकरणं वाढली, बॅज वाढले, वाऱ्याचा अंदाज घेणारे वाढले. पण १ मार्च १९५४ ला त्याच बिकिनीत ‘ब्राव्हो’ नावाचा हायड्रोजन बॉम्ब फोडला, तो अंदाज केला होता त्याच्या अडीचपट निघाला. रोंगेरिक बेटावर २८ अमेरिकन हवामान निरीक्षक होते. त्यांच्याजवळच्या यंत्राचा काटा त्याच दिवशी दुपारी टोकाला जाऊन अडकला. त्यांनी बिनतारी संदेश पाठवला. त्यांना हलवलं ते दुसऱ्या दिवशी. रोंगेलाप बेटावरच्या ६४ रहिवाशांना त्याच्याही पुढच्या दिवशी. या लोकांच्या अंगावर बॅज नव्हते की हातात यंत्र नव्हतं. पांढरी राख पडली, मुलं त्यात खेळली. जवळच मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवरचे २३ जण आजारी पडले आणि त्यातला एक सप्टेंबरात दगावला. त्या बातम्यांनी जग हादरलं. आपल्या लोकसभेत पंडित नेहरूंनी २ एप्रिलला चाचण्या थांबवण्याचं आवाहन केलं, ते याच पार्श्वभूमीवर.

अमेरिकेतच नेवाडाच्या वाळवंटात स्फोटानंतर सैनिकांच्या कवायती चालत. १९५७ च्या ‘स्मोकी’ नावाच्या स्फोटाच्या वेळी हजर असलेल्या ३,२२४ जणांचा पुढे अभ्यास झाला. रक्ताच्या कर्करोगाचे साडेतीन रुग्ण अपेक्षित होते, सापडले नऊ. बिकिनीच्या खलाशांबद्दलचा १९९६ चा अभ्यास मात्र इतका स्पष्ट बोलत नाही. त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ४.६ टक्के जास्त निघालं, पण ते किरणांमुळेच असं म्हणता आलं नाही. मी हे मुद्दाम लिहितोय. भयंकर गोष्टीही जशा आहेत तशाच सांगाव्यात.

पण म्हातारपणी आजारी पडलेल्या त्या माणसांनी भरपाई मागितली तेव्हा काय झालं? त्यांना विचारलं गेलं, तुमचा आकडा दाखवा. पुष्कळांपाशी बॅजच नव्हता. ज्यांची लष्करी फाइल होती, त्यातल्या कित्येकांची १९७३ च्या जुलैत सेंट लुइसच्या दफ्तरखान्याला लागलेल्या आगीत जळाली. त्या आगीत दीड कोटीहून जास्त फायली गेल्या. गुप्ततेच्या शपथेमुळे डॉक्टरांपाशीसुद्धा बोलायची चोरी होती आणि ती शपथ उठली १९९६ मध्ये. शेवटी १९८८ च्या कायद्याने ठरावीक कर्करोगांपुरता आकड्याचा हट्ट सोडला. तू तिथे होतास ना, बस्स. तोवर त्यांतले कितीतरी जण गेले होते.

हे सगळं मी ताईला सांगत होतो तेव्हा ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, ‘‘त्यांना कुणीतरी म्हटलं असेल बघ, शून्य आहे ना, मग चांगलंच आहे.’’

मग तिने माशाचा फोटो मागितला. मी तो मोठा करून, कडक कागदावर छापून दिला. तिच्या नव्या हॉस्पिटलात बॅज टांगायची खुंट्यांची पट्टी आहे, कंट्रोल खोलीच्या दाराशी. त्याच्या शेजारी तिने तो चिकटवला आहे. परवा मी गेलो होतो तेव्हा नुकताच लागलेला एक मुलगा तिला विचारत होता, ‘‘मॅडम, हा कुठल्या पेशंटचा एक्स-रे?’’

‘‘आधी बॅज लाव,’’ ताई म्हणाली, ‘‘मग सांगते.’’